निसर्ग-इतिहास संग्रहालय: गाइडबरोबर बघायचं की आपलं आपण?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत विज्ञान शिकवते. यंदा सातवी-आठवीची सहल निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयाला न्यायला एसडीएमसीनं, म्हणजे आमच्या शाळेच्या विकास समितीनं, होकार दिलाय. समोर दोन ठिकाणं आहेत. एक म्हैसूरचं प्रादेशिक निसर्ग-इतिहास संग्रहालय, कारंजी तलावाच्या काठावरचं, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं १९९५ साली सुरू केलेलं. दुसरं मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथं निसर्ग-इतिहासाचा वेगळा विभाग आहे. दोन्हीकडे बेळगावहून थेट रेल्वे आहे, शरावती एक्सप्रेस तर म्हैसूरहून निघून बेळगाव करत दादरला जाते.

कुठं जायचं ते खर्चावर आणि रिझर्वेशनवर ठरेल. मला विचारायचंय ते बघायचं कसं, याबद्दल. सहलीत नेहमी दिसतं ते असं की गाइड पुढं बोलत चालतो, पहिली दहा मुलं ऐकतात, मागची काचेला नाक लावून वाघाबरोबर फोटो काढतात. आणि गाइड घेतला नाही तर अर्ध्या तासात सगळी दालनं पालथी घालून मुलं बाहेर, "मॅडम, झालं बघून!"

आमची मुलं जांबोटी, कणकुंबी, नेरसे, गवाळी या भागातली. गवा त्यांनी शेताच्या बांधावर बघितलाय. अस्वलाच्या भीतीनं काजूच्या बागेत एकटं जायचं नाही हे त्यांना घरात शिकवलेलं असतं. अशा मुलांना पेंढा भरलेला गवा दाखवायला शेकडो किलोमीटर न्यायचं, तर त्यातून काही जास्तीचं हाती लागायला हवं. ज्यांनी मुलांना किंवा स्वतः नीट वेळ काढून अशी संग्रहालयं बघितली आहेत त्यांनी सांगावं. गाइड घ्यावा काय? की मुलांच्या हाती कागद-पेन्सिल देऊन सोडून द्यावं?

टिळकवाडीतून

मॅडम, माझं मत स्पष्ट आहे, सोडून द्यावं. पण मोकाट नको, एक काम देऊन.

मी माझ्या दोन्ही मुलांना मुंबईचा तो विभाग दाखवलाय. आमची पद्धत अशी की दालनात शिरल्यावर आधी एक फेरी काही न वाचता, न थांबता मारायची. त्या फेरीत ज्याला जे आवडलं ते मनात धरायचं. मग परत येऊन फक्त त्याच्यापुढं बसायचं. खरंच खाली बसायचं. चित्र काढायचं. चित्र चांगलं यावं म्हणून नव्हे. चित्र काढताना डोळ्यांना थांबावं लागतं म्हणून. माझ्या मुलीनं रोहित पक्ष्याचं चित्र काढलं आणि अर्ध्यातच म्हणाली, "ह्याची चोच मधेच वाकलीय, असं का?" रोहित मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरतो आणि चिखल-पाणी गाळून त्यातलं खाणं घेतो, हे मी तिला तेव्हा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर कानावरून गेलं असतं.

दुसरी गोष्ट दमण्याची. संग्रहालयात माणूस डोंगर चढल्यासारखा दमतो, आणि याचा अभ्यास फार जुना आहे. बोस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली यावर लेख लिहिला. कपाटातली वस्तू बघायला माणसाला किती वाकावं, उकिडवं बसावं, मान वळवावी लागते याचे त्यांनी फोटोच काढले होते. आपण समजतो मुलं कंटाळली. खरं तर त्यांची पाठ आणि मान दमलेली असते. बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्याच्या वर असलेली पाटी तो वाचणारच नाही.

म्हणून सगळं बघायचा आग्रह सोडा. पक्ष्यांचं एक दालन आणि सस्तन प्राण्यांचं एक, एवढं पुरे. बाकीचं बघायचं राहिलं तरी काही बिघडत नाही.

निपाणीचे मास्तर

टिळकवाडीकरांचं चित्राचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण गाइडला असं बाजूला काढू नका.

मी निवृत्त शिक्षक, जीवशास्त्र शिकवलं. एक गोष्ट सांगतो. १९०८ साली मुंबईत एका लहान मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कोणती चिमणी म्हणून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. तिथले सचिव मिलर्ड यांनी पक्षी ओळखला आणि तेवढ्यावर न थांबता पोराला सोसायटीचा पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. तो मुलगा म्हणजे सलीम अली. कपाटं आणि पक्षी आधीपासून तिथंच होते. त्या पोरासाठी कुणीतरी खण ओढला, म्हणून ते दिसले.

पुढची गोष्ट फार जणांना ठाऊक नाही. हेच सलीम अली १९२६ साली मुंबईच्या ह्याच संग्रहालयात, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, निसर्ग-इतिहास विभागाचे गाइड-व्याख्याते म्हणून नोकरीला लागले. पगार महिना ३५० रुपये. विभाग तेव्हा नवा होता आणि लोकांना तो समजावून सांगायला माणूस हवा, असं संग्रहालयाला वाटत होतं. दोनेक वर्षांनी ते अभ्यास-रजा घेऊन जर्मनीला गेले, परत आले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. मला त्याची आजही हळहळ वाटते. पक्षीशास्त्राचा त्यानं फायदाच झाला असेल, पण पुढच्या पिढ्यांतल्या शाळकरी पोरांच्या वाट्याचा एक मोठा वाटाड्या गेला.

तेव्हा मॅडम, गाइड जरूर घ्या. फक्त तो सुरुवातीला नको. आधी मुलांना एकट्यानं बघू द्या, त्यांच्या डोक्यात प्रश्न तयार होऊ द्यात, आणि मग गाइडला बोलवा. प्रश्न घेऊन उभ्या असलेल्या मुलांपुढं गाइडसुद्धा पाठ केलेलं सोडून मोकळं बोलतो. हे मी स्वतः बघितलंय.

रानवाट

मास्तर, नमस्कार. मी भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावातला. मॅडमनी जो मुद्दा काढला की आमच्या मुलांना तिथं जास्तीचं काय, त्यावर लिहितो.

मुलांना निघण्याआधी एक गोष्ट सांगा. आपल्या तालुक्यातल्या तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. तिथं एक वटवाघूळ राहतं. कान मोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले, मानेमागं फिकट पट्टा, आणि शेपटीचं टोक मागच्या पायांमधल्या कातडीच्या पडद्याच्या बाहेर मोकळं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ पासून देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी चालवली होती. त्या काळात हे वटवाघूळ आपल्याकडं मिळालं आणि लंडनच्या संग्रहालयातले ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव दिलं रॉटन या माणसाचं. ते पूर्वी हिंदुस्थानात वनाधिकारी होते आणि निवृत्तीनंतर त्याच पाहणीच्या नमुन्यांवर काम करत होते. कित्येक वर्षं जगात हे वटवाघूळ फक्त आपल्या गुहांतून माहीत होतं. पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेली वटवाघळं अगदी मोजकी आहेत, त्यांतलं हे एक.

आता कुठल्याही नमुन्याजवळची चिठ्ठी बघा. तिच्यावर प्राण्याचं नाव असतंच, पण नमुना कुठं मिळाला, कधी आणि कुणी मिळवला हेही असतं. शास्त्रज्ञाला नमुन्याइतकीच ती चिठ्ठी मोलाची. गावाचं नाव नसेल तर वाघाचं कातडं नुसतं कातडं राहतं. आपल्या तळेवाडीचं नाव जगातल्या वटवाघळांच्या शास्त्रात कायमचं नोंदलेलं आहे, कारण कुणीतरी ते नीट लिहून ठेवलं.

मुलांना एवढंच काम द्या: ज्या ज्या पाटीवर जागेचं नाव आहे ती शोधा आणि आपल्या घरापासून सगळ्यात जवळची कोणती ते सांगा. शाळेत परत आल्यावर नकाशावर टिकल्या लावा. हे काम करताना कुणीही मूल दालनातून पळणार नाही याची मी खात्री देतो.

आणि कळकळीची विनंती, हे वाचून कुणी बारापेडेला पोरं घेऊन जाऊ नका. तो अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि माणसाच्या वर्दळीनं वटवाघळं गुहा सोडतात.

मलप्रभाकाठ

रानवाट दादा, तळेवाडी आमच्या शाळेपासून फार लांब नाही आणि हे आजवर आमच्या एकाही पाठात आलं नाही. उद्याच मुलांना सांगते.

एक अडचण भाषेची. आमची मुलं मराठीत शिकतात, कन्नड दुसरी भाषा म्हणून आहे, इंग्रजी अडखळत. म्हैसूरला गाइड कन्नडमधून बोलेल. काही मुलांना ते झेपेल, काहींना नाही. मुंबईला मराठीचा प्रश्न नाही. फक्त भाषेसाठी मुंबई निवडावी काय?

घटप्रभेपलीकडं

मॅडम, भाषेसाठी म्हैसूर सोडू नका. आमच्या गोकाक-हुक्केरी भागात घराघरांत दोन्ही भाषा. तुमच्याही वर्गात कन्नड चांगली येणारी मुलं असतीलच. एक कन्नड येणारा आणि एक न येणारा अशा जोड्या लावा. वाचणाऱ्यानं सांगायचं, ऐकणाऱ्यानं मराठीत लिहून घ्यायचं. दुसऱ्याला सांगायला लागलं की मूल आधी स्वतः समजून घेतं.

रानवाट यांनी वटवाघळाचं सांगितलं म्हणून मी आमच्याकडचं सांगतो. गोकाकजवळच्या गाळात गेंड्याची हाडं आणि दात सापडले होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ साली त्यांचं वर्णन केलं आणि त्या नामशेष गेंड्याला दख्खनच्या नावावरून 'डेक्कनेन्सिस' म्हटलं. हे तेच फूट, ज्यांना १८६३ साली मद्रासजवळच्या पल्लावरमला अश्मयुगातलं दगडी हत्यार मिळालं होतं. आज भारतात रानातला गेंडा बघायचा तर मुख्यतः आसामात जावं लागतं, दलदल आणि उंच गवतात. मग एके काळी आमच्या घटप्रभेच्या खोऱ्यात गवत कसं असेल, पाणी कसं असेल? मुलांना गेंड्याच्या किंवा त्याच्या कवटीच्या समोर हा प्रश्न विचारून बघा. उत्तर गाइडलाही शोधावं लागेल, आणि तसंच व्हायला हवं.

खडकांचं दालन मुलं हमखास टाळतात. दगड काय बघायचे! पण आपला जिल्हा दगडांच्या बाबतीत श्रीमंत आहे. उत्तरेकडून आलेला दख्खनचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, बेळगावच्या आसपास संपत येतो. गोकाकचा धबधबा पन्नासेक मीटर खाली पडतो तो गुलाबीसर वालुकाश्मावरून, आणि तो खडक डायनोसॉरच्याही कितीतरी आधीचा. तुमच्या खानापुरात जांभा. पुढं बागलकोटकडच्या कलादगी खडकांत स्ट्रोमॅटोलाइट मिळतात, म्हणजे उथळ समुद्रात सूक्ष्म जीवांच्या थरांवर थर साचून झालेले दगड. सजीवसृष्टीच्या सगळ्यात जुन्या खुणांपैकी त्या आहेत. प्रत्येक मुलानं आपल्या घराच्या पायाचा एकेक खडा खिशात नेऊन दालनातल्या दगडांशी ताडून बघितला तर? दारात दाखवून, परवानगी घेऊन न्यायचा, एवढंच.

कागल नाका

मॅडम, लांबच्या सहलीआधी एक जवळची करा. कोल्हापूरचा न्यू पॅलेस. तुमच्याकडून सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळी परत जाता येतं.

तिथल्या शाहू संग्रहालयात शिकारीतले पेंढा भरलेले प्राणी आहेत. वाघ, अस्वलं, गवे. कोल्हापूर संस्थानाची शिकारीची राखीव रानं होती, दाजीपूर त्यांतलंच. १९५८ साली तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं, ते महाराष्ट्रातलं पहिलं. ज्या रानात संस्थानिक शिकार करत तिथंच पुढं गवा राखला गेला, ही गोष्ट मुलांना तिथल्या तिथं सांगता येते.

पण मुख्य कारण वेगळं. राजवाड्यातला वाघ आणि निसर्ग-इतिहासाच्या दालनातला वाघ यांत फरक काय, हे मुलांनी स्वतः शोधावं. राजवाड्यात तो कुणी मारला याला महत्त्व, जबडा उघडा, दात बाहेर. दुसरीकडे तो कुठं राहतो, काय खातो, पिलं कशी वाढवतो हे दाखवायचा प्रयत्न असतो. मागं रंगवलेलं रान, पायाखाली पाचोळा, बाजूला झुडपं. अशा देखाव्यांची मोठी परंपरा अमेरिकेत तयार झाली. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातलं कार्ल एकलींच्या नावाचं आफ्रिकन प्राण्यांचं दालन १९३६ साली उघडलं, आणि तिथल्या देखाव्यांमागची भिंत गोलसर आहे, म्हणजे कोपरा दिसत नाही आणि रान लांबवर पसरल्यासारखं वाटतं. मुंबईलाही रोहित, राजधनेश, गवा, वाघ यांचे असे देखावे आहेत. मुलांना म्हणावं, मागचं चित्र कुठं संपतं आणि खरं झुडूप कुठं सुरू होतं ती जागा शोधा.

खानापूरच्या पोरांना तर आणखी एक विचारता येईल: ह्या देखाव्यातलं रान आपल्या रानासारखं आहे काय? कुठलं झाड चुकलंय? त्यांना ते कळेल. शहरातल्या मुलाला कळणार नाही.

चिकोडीहून

सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं गाइडची गरज आता फार उरली नाही. मोठ्या संग्रहालयांत ऑडिओ गाइड मिळतो, काही ठिकाणी पाटीजवळचा क्यूआर कोड स्कॅन केला की माहिती येते. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात दालनं निळा, हिरवा, तांबडा, नारिंगी अशा रंगांच्या भागांत वाटलेली आहेत. डायनोसॉर आणि सस्तन प्राणी बघायचे तर निळा भाग धरा, बस्स. तिथल्या मोठ्या हॉलमध्ये २०१७ पासून निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटरांचा सांगाडा टांगलाय, तो घरबसल्या मोबाइलवरही फिरून बघता येतो. प्रत्येकानं आपल्या गतीनं बघावं. गटानं बघण्यात सगळ्यात हळू चालणारा आणि सगळ्यात घाई करणारा, दोघांचंही नुकसान होतं.

निपाणीचे मास्तर

चिकोडीकर, एकट्या मोठ्या माणसासाठी तुमचं बरोबर आहे. मीही एकटा गेलो तर कानाला लावूनच फिरतो. पण शाळेतली चाळीस मुलं कानात आवाज घेऊन चाळीस दिशांना गेली की एकमेकांशी बोलणं संपतं. "ए, इकडं ये, हे बघ" ही हाक मला सहलीत सगळ्यात महत्त्वाची वाटते. आणि ऑडिओला उलट प्रश्न विचारता येत नाही.

मोबाइलवरचं बघणं मात्र सहलीआधी शाळेत जरूर करावं. लंडनच्या त्या इमारतीवरच प्राण्यांच्या मूर्ती आहेत, एका बाजूला आज असलेले प्राणी आणि दुसऱ्या बाजूला नामशेष झालेले. मुलांना ते शोधायला फार आवडतं.

हिंडलग्याची लेक

माहेर हिंडलगा, आता मुंबईत असते. एका संग्रहालयात काही काळ स्वयंसेवक म्हणून शाळांच्या गटांना दालनं दाखवायचं काम केलंय, त्यामुळं दुसऱ्या बाजूनं लिहिते.

मॅडम, गाइड कंटाळवाणा वाटतो त्याचं मोठं कारण हे की त्याला समोरच्या मुलांबद्दल काहीच माहीत नसतं. गट दारात येतो, वेळ तासाभराचा, मग माणूस ठरलेलंच बोलतो. तुम्ही आधी पत्र पाठवा. मुलं कितवीची, कुठल्या भागातली, भाषा कोणती, पुस्तकात काय शिकून आलीत, आणि तुम्हाला कोणती दोनच दालनं बघायचीत, हे सगळं लिहा. "आमची मुलं पश्चिम घाटातल्या जंगलाकडेची आहेत, त्यांनी गवा, अस्वल, धनेश प्रत्यक्ष पाहिलेत" हे वाक्य तर पहिलंच असू द्या. मला असं पत्र आलं असतं तर मी आदल्या दिवशी बसून तयारी केली असती.

गट पंधरा-वीसचा ठेवा. चाळीस असतील तर दोन भाग करा, एक भाग गाइडबरोबर आणि दुसरा तेवढ्या वेळात चित्र काढत. मग अदलाबदल.

गाइडला दालनाच्या मधोमध उभं राहून बोलायला सांगू नका. एका नमुन्यापुढं मुलांना अर्धवर्तुळात बसवा, आणि पहिला प्रश्न मुलांना विचारू द्या. माझा आवडता नमुना कवटी. डोळ्यांच्या खोबणी पुढं आहेत की बाजूला? पुढं असतील तर दोन्ही डोळ्यांनी एकदम बघून अंतराचा अंदाज घेणारा शिकारी. बाजूला असतील तर चारी दिशांना लक्ष ठेवणारा, दुसऱ्याचं भक्ष्य होणारा. दाढा सपाट की धारदार? एवढ्यावर मुलं पाटी न वाचता प्राण्याचा आहार ओळखतात, आणि घरी जाऊन शेळीच्या नाहीतर मांजराच्या तोंडात डोकावून बघतात.

नियमांची कारणं मुलांना सांगा, नुसतं "हात लावू नका" नको. जुन्या काळी कातडी किडीपासून वाचवायला आर्सेनिक घातलेला साबण वापरत, ते विष अजूनही जुन्या नमुन्यांत असू शकतं. दालनात उजेड कमी असतो कारण उजेडानं पिसांचे आणि केसांचे रंग उडतात. फ्लॅश नको म्हणतात तेही रंगांच्या काळजीनंच. हे समजलं की मुलं स्वतः एकमेकांना आवरतात.

आणि हे जरूर सांगा की दालनात मांडलेलं म्हणजे संग्रहाचा अगदी छोटा भाग. लंडनला आठ कोटींच्या आसपास नमुने आहेत, त्यातले बहुतेक कपाटांत आणि खणांत, अभ्यासासाठी. गेलेला नमुना परत मिळत नाही. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय, म्हैसूरचं संग्रहालय ज्याची शाखा आहे ते, एप्रिल २०१६ मध्ये आगीत जळालं. तेव्हा आम्हा सगळ्यांना घरचं काही गेल्यासारखं वाटलं होतं.

वडगाव, बेळगाव

एक विनंती. माझ्या मुलाला दृष्टी फार कमी आहे. काचेमागचं संग्रहालय त्याच्यासाठी बंद दारासारखं आहे. पण एका संग्रहालयात आधी फोन करून विचारलं तेव्हा त्यांनी कवटीची प्रतिकृती, शिंग, पीस, शंख असं त्याच्या हातात दिलं. गव्याचं शिंग त्यानं इतका वेळ चाचपलं की बाकीची मुलंही डोळे मिटून चाचपायला रांगेत आली. मॅडम, तुमच्या वर्गात असं कुणी मूल नसेल तरी हात लावता येण्यासारखं काही आहे काय ते पत्रात विचारा. बऱ्याच ठिकाणी असतं, पण मागितल्याशिवाय बाहेर येत नाही.

मलप्रभाकाठ

वर्गात एक मुलगी आहे, वहिनी. पत्रात हे घालणारच.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या सभेत ठरलं ते सांगते. आधी कोल्हापूरचा न्यू पॅलेस, एका दिवसात. मोठी सहल म्हैसूरची. मुंबई पुढच्या वर्षीसाठी ठेवतोय. म्हैसूर निवडायचं कारण असं की तिथं संग्रहालय, तलाव आणि त्यावरचे पक्षी एकाच ठिकाणी मिळतात. सकाळी दालनात बघितलेली चोच आणि पाय दुपारी जिवंत पक्ष्यावर ताडता येतील. सोमवार टाळून तारीख धरतोय, सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात.

पद्धत मास्तरांची आणि टिळकवाडीकरांची जोडून घेतलीय. पहिला तास मुलं आपली आपण, कन्नड-मराठीच्या जोड्यांत. हातात एकच कागद. त्यावर रानवाट दादांचं जागांच्या नावांचं काम, एका प्राण्याचं चित्र, आणि खाली "मला विचारायचंय" अशी रिकामी जागा. मग चहा-बिस्किट. त्या वेळात मी कागद गोळा करून प्रश्न वाचीन आणि एकसारखे एकत्र करून गाइडच्या हातात देईन. दुसरा तास गाइडचा, पण त्याच प्रश्नांवर. तिसरा तास मोकळा, ज्याला जिथं परत जायचंय तिथं जाऊ दे.

वर्गात बारापेडेच्या वटवाघळाचं सांगितलं. एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, मग तिथल्या पाटीवर आपलं तळेवाडी नसेल तर आपण त्यांना सांगायचं काय?" मी म्हटलं, सांगायचं. पत्र मुलंच लिहिणार आहेत, कन्नडमधून. घटप्रभेपलीकडं, तुमचा गेंडाही त्यात घालतोय.

रानवाट

मॅडम, पत्रात आंबोलीच्या हिरण्यकेशीचा मासाही घाला. देवळाच्या कुंडात सापडला, २०२० साली शास्त्रात नवी जात म्हणून नोंद झाली, नदीचंच नाव मिळालं. तीच हिरण्यकेशी पुढं संकेश्वराकडून घटप्रभेला मिळते. मुलांना कळू दे की नवे प्राणी सापडायचे अजून संपलेले नाहीत, आणि ते आपल्या पाण्यातही सापडतात.

हिंडलग्याची लेक

पत्राचा मसुदा इथं टाकलात तर मी बघून देईन. सहलीच्या तीन-चार आठवडे आधी पोचेल असं बघा, आणि पोचल्यावर फोन करून कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा. कागदाला मागं पुठ्ठा लावा, मुलांना उभ्यानं लिहिता येतं. आणि पेन्सिलीच द्या, बऱ्याच दालनांत शाईचं पेन चालत नाही.